सरपणाची मांडणी: आमची वाटचाल

कळव्याला पत्र्याच्या शेडमध्ये 2009 ला आमचं सुतारकाम सुरू झालं, मी आणि माझा पार्टनर, आम्ही त्याला दादा म्हणायचो. किचन ट्रॉल्या, चौकटी, बेड, जे येईल ते. सरपण रचून ठेवायच्या लाकडी मांडणीचं काम आलं ते मुरबाडच्या एका काकूंमुळे. फार्महाऊसवर चूल, लाकडं भिंतीला टेकवून जमिनीवर रचलेली, पावसाळ्यात खालचा थर वाळवीने खाल्ला आणि वरचा भिजला. म्हणाल्या, "अरे, याचं काहीतरी कर की."

मांडणी केली ती तीन फूट रुंद, तीन फूट उंच, दीड फूट खोल. जळणच तर ठेवायचंय म्हणतात लोक, पण सुकी बाभूळ भरली की दीडशे किलोच्या वर वजन जातं आणि ढीग बाजूला रेटतो, म्हणून खांब तळाच्या चौकटीत खाच पाडून, त्यात कुसू, म्हणजे खांबाचं तासलेलं टोक, घालूनच बसवायचे, नुसत्या स्क्रूच्या भरवशावर नाही. खाली चार इंच पाय, पट्ट्यांत दोन बोटं फट, पाठ उघडी. लाकूड पाडलेल्या जुन्या घरांच्या तुळयांचं सागवान, वर्षानुवर्षं मुरलेलं. त्यात एक खिळा राहिला तरी रंध्याचं पातं गेलंच समजा. दादा तुळईवर नुसता तळवा फिरवायचा आणि थांबायचा, तिथे पटाशीने टोकरलं की खिळा निघायचाच.

मधली वर्षं बरी गेली.

2019 ला घोडबंदर रोडच्या एका शोरूमवाल्याने 40 नग सांगितले, तोंडी. सॅम्पल नेलं, मी उधारीवर सागवान भरलं, आणि दीड महिन्याने तीच मांडणी त्याच्या काचेत, पॅकिंगच्या पेट्यांच्या पाइनची, पिना मारलेली, निम्म्या भावात! फोन उचलेना. पाय तर त्याने काढूनच टाकलेले, तळ सरळ लादीवर, म्हणजे ज्यासाठी ती बनवली तेच गेलं. डिझाईन माझं होतं, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन. शेडचं तीन महिन्यांचं भाडं थकलं, रंधा मशीन विकलं, दादा गावाला गेला तो परत आलाच नाही. तेव्हा काकूंनी आजूबाजूच्या फार्महाऊसवाल्यांना गोळा करून 11 मांडण्यांची ऑर्डर दिली, पैसे आधी. त्या सगळ्या मी हातरंध्यावर काढल्या.

आणि एक सांगतो, मांडणी कुणाकडूनही घ्या पण ओलं लाकूड त्यात कोंबू नका. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा, टण्ण वाजलं तर सुकलंय, धप्प वाजलं तर अजून उन्हात राहू दे. भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. चुलीपाशी दोन दिवसांपुरतंच आणा.

गेल्या मे महिन्यात काकूंकडे जाऊन आलो. पहिल्या मांडणीची तळाची एक पट्टी बदलली, कुसू मात्र जागचा हललेला नाही. पट्टीचे पैसे घेतले नाहीत, तर त्यांनी गाडीत फणस टाकला.