तिकडे किती मिळतात गं?

भावाच्या लग्नासाठी बारा दिवस भांडुपला आलेय. बॅगा अजून दारात, तेवढ्यात शेजारच्या काकूंनी विचारलंच, तिकडे किती मिळतात गं? त्यांच्या सुनेला ऑस्ट्रेलियाला नर्सिंगला पाठवायचंय, सोबत नवरा आणि पोरगा. म्हटलं काकू, ज्या आठवड्यांत काहीच मिळत नाही त्यांचं आधी विचारा.

आम्ही तिघं सिडनीत, वेस्टमीडला. माझं दोन वर्षांचं मास्टर्स, लेक सहा वर्षांची. व्हिसाला फी आणि तिकिटं सोडून वर्षाच्या खर्चाचे माझे 29,710 डॉलर, नवऱ्याचे 10,394 आणि लेकीचे 4,449 दाखवले, सासऱ्यांची एफडी त्यातच गेली. शाळेचे 13,502 वेगळे दाखवायचे होते, मला वाटलं हे नुसतं कागदावर, सरकारी शाळा म्हणजे फुकटच असणार ना. कसलं काय, स्टुडंट व्हिसावाल्यांच्या मुलांना तिथे फी आहे, आणि डे-केअरची सरकारी सबसिडीपण आपल्याला नाही.

भाडं आठवड्याचं असतं. आमचं 580. मी आपली मुंबईच्या सवयीने चारने गुणून महिन्याचा हिशोब लावायची आणि दर महिन्याला दोनशेच्या आसपास कमी पडायचे, नवऱ्यावर संशय घेऊन झाला मग लक्षात आलं की वर्षाचे आठवडे 52 असतात, 48 नाही :)

कमाई म्हणाल तर मी वृद्धाश्रमात असिस्टंटचं काम करते, म्हणजे आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं. कॉलेज चालू असताना पंधरवड्याला 48 तासच काम करता येतं. शनिवार-रविवारच्या जादा रेटला तिकडे पेनल्टी म्हणतात, आईला फोनवर सांगितलं तर तिला वाटलं मला दंड झाला! म्हणून माझे बहुतेक तास वीकेंडला. नवरा इथे मुलुंडला अकाउंट्स बघायचा, तिकडे वेअरहाऊसमध्ये आहे. मी मास्टर्सला असल्यामुळे त्याला तासांची मर्यादा नाही, मी बॅचलर्सला असते तर त्यालाही 48 च असते. एजंट हे आपणहून सांगत नाहीत.

आणि मग प्लेसमेंट, म्हणजे नोकरी नाही, कोर्समधलंच प्रॅक्टिकल. रजिस्टर्ड नर्स व्हायला कमीत कमी 800 तास हॉस्पिटलमध्ये वगैरे काढावे लागतात, पगार शून्य. माझे चार-चार आठवड्यांचे पाच तुकडे आहेत. हे तास 48 मध्ये धरत नाहीत, त्यामुळे कायद्याने वर नोकरी करता येते, पण अंगात जीव कुठे असतो? पहिल्या प्लेसमेंटला मी हावरटपणा केला, पाच दिवस वॉर्ड आणि शनिवार-रविवार वृद्धाश्रम, तिसऱ्या सोमवारी सकाळी 7 च्या हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना, उभ्या उभ्या डोळा लागला आणि सिनियर नर्सने शांतपणे पाणी पाजून घरी पाठवलं. ते तास पुन्हा भरून द्यावे लागले. 1 जुलै 2025 पासून सरकार प्लेसमेंटला भत्ता देतं, पण तो तिथल्या विद्यार्थ्यांना, आपल्याला नाही.

तेव्हापासून आम्ही चार मराठी घरांनी भिशी लावलीये. चौघी नर्सिंगवाल्याच. चिठ्ठी नाही, बोली नाही, जिची प्लेसमेंट तिचा नंबर. दर पंधरवड्याला प्रत्येकी 250, म्हणजे उचललेल्या हजारात दोन आठवड्यांचं भाडं जवळजवळ निघतं, वीकेंडला लेकीसोबत झोपता येतं. खरं तर कॉलेजच्या सुट्टीत तासांची मर्यादा नसते, लोक तेव्हाच रगडून कमवतात, आणि मी इथे मेंदी लावून बसलेय. असो, भाऊ एकच आहे.

काकू बराच वेळ गप्प होत्या. मग उठता उठता म्हणाल्या, "सुनेचं ते मास्टर्स आहे की बॅचलर्स, विचारून येते थांब."