ट्रेनीने काम थांबवलं तेव्हा

छत पडलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण ही हकीकत ज्याला ज्याला सांगितली त्याने पहिल्यांदा हेच विचारलं, "मग? पडलं का?" नाही पडलं. ती जागा आजही शाबूत आहे, आणि म्हणूनच त्या ट्रेनी मुलीने छताच्या शंकेवरून काम थांबवायला लावलं ते बरोबर होतं की नाही यावर आमच्याकडे अजून एकमत नाही. माझं मत पक्कं आहे.

मी एका भुयारी कोळसा खाणीच्या व्होकेशनल ट्रेनिंग सेंटरमध्ये शिकवतो. 1966 च्या नियमांपासून नव्या माणसाला या प्रशिक्षणाशिवाय खाणीत कामाला लावता येत नाही. जमीन गेली म्हणून नोकरी मिळालेले, वडिलांच्या जागी लागलेले, कंत्राटदाराचे कामगार, डिप्लोमा करून आलेली मुलं, सगळे आधी आमच्याकडे येतात. त्याआधी मेडिकल झालेली असते: छातीचा एक्स-रे, फुप्फुसांची चाचणी, कानांची तपासणी. त्याचा फॉर्म ओ, म्हणजे तंदुरुस्तीचा दाखला, हातात आल्याशिवाय पुढचं काही हलत नाही. खाणीत लागायला अंगात ताकद हवी असं बाहेरच्यांना वाटतं. ताकदीपेक्षा आधी लागतात ते कान, फुप्फुसं आणि ऐकून घेण्याची तयारी.

शिकवायला सगळ्यात कठीण गोष्ट म्हणजे कोणत्या भीतीचं ऐकायचं आणि कोणत्या नाही. सेल्फ रेस्क्यूअरचंच घ्या. कमरेला लावलेला हा डबा आग लागल्यावर कार्बन मोनॉक्साइडपासून वाचवतो. आतल्या रसायनामुळे त्या वायूचा कार्बन डायऑक्साइड होतो, पण होताना उष्णता निघते आणि तोंडात येणारी हवा तापते. नवखा माणूस घाबरतो आणि नेमका तेव्हाच डबा तोंडातून काढतो. म्हणून मी घसा फोडून सांगतो: हवा गरम लागतेय म्हणजे बाहेर विषारी वायू आहे आणि डबा आपलं काम करतोय, काढू नका. इथे अंगाला होणाऱ्या त्रासाचं ऐकायचं नाही. छताच्या बाबतीत मात्र उलटं. तिथे बोटांना जरा वेगळं लागलं तरी ऐकायचं.

या मुलीने मायनिंगचा डिप्लोमा केला होता आणि वर्षभराच्या प्रॅक्टिकल ट्रेनिंगसाठी आली होती. 1952 च्या खाण कायद्याच्या कलम 46 नुसार भुयारात काम करायला बायकांना बंदी होती. 2019 मध्ये सरकारने सूट दिली, तीही सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळेत, तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी, आणि बाईची लेखी संमती असेल तरच. त्याआधी डिप्लोमा करणाऱ्या मुलींपुढे सरळ भिंत होती. भुयाराचा अनुभव नाही तर ओव्हरमनचं, म्हणजे शिफ्टच्या कामावर देखरेख करणाऱ्याचं, पूर्ण प्रमाणपत्र नाही, फार तर ओपनकास्टपुरतं, म्हणजे उघड्या खाणीपुरतं मर्यादित. भुयारात उतरायलाच मनाई, मग अनुभव आणायचा कुठून? कायद्यातली भिंत पडली. माणसांच्या डोक्यातली अजून आहे, आणि ती मी रोज बघतो.

त्या दिवशी छत ठोकून बघण्याचं प्रात्यक्षिक होतं. हे काम कसं करतात ते नीट सांगतो, कारण सगळा वाद त्यावरच आहे. एका हातात लोखंडी सळई घ्यायची आणि छतावर ठोकायचं. दुसऱ्या हाताची बोटं ठोकल्या जागेच्या शेजारी छताला टेकवून ठेवायची. घट्ट छताचा आवाज खणखणीत येतो. सुटलेल्या थराचा आवाज पोकळ, भद्द येतो. पण थर जाड असेल तर सुटलेला असूनही खणखणीत वाजू शकतो. तिथे कान फसतात आणि बोटांना कंप जाणवतो. बरेच जण नुसतं ठोकून पुढे जातात, बोटं टेकवतच नाहीत, कारण छत उंच असलं की हात पोचत नाही आणि काठी घेऊन करायचा कंटाळा येतो. भुयारी कोळसा खाणीत आपल्याकडे वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त जीव घेतले आहेत ते छताने. स्फोटाची बातमी होते. छताखाली एकेक माणूस जातो, त्याची होत नाही.

आम्ही होतो ते एक जंक्शन होतं, दोन गॅलऱ्या, म्हणजे खाणीतले बोगदे, एकमेकींना छेदतात ती जागा. नियमाने गॅलरी 4.8 मीटरपेक्षा रुंद करता येत नाही, पण जंक्शनमध्ये कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघितलं तर आधार नसलेलं अंतर त्याहून कितीतरी जास्त होतं. छताची खरी परीक्षा तिथेच असते. छताचे थर धरून ठेवणारे लोखंडी रूफ बोल्ट मारलेले होते. सरदाराने, म्हणजे खाणीतल्या आपल्या भागाची सुरक्षितता बघणाऱ्या माणसाने, शिफ्टच्या सुरुवातीला तपासून खडूने तारीख आणि सही टाकली होती. पलीकडे फेसवर, म्हणजे कोळसा काढतात त्या जागी, एसडीएल हे यंत्र कोळसा भरत होतं आणि त्याचा जायचा-यायचा रस्ता याच जंक्शनखालून होता.

एकेक जण ठोकत पुढे सरकला. तिची पाळी आली. बोल्टच्या दोन रांगांमध्ये तिने ठोकलं, थांबली, बोटं हलवून पुन्हा ठोकलं. मग म्हणाली, "सर, आवाज चांगला येतोय, पण बोटांना लागतंय."

सरदार पुढे आला, सळई घेतली, तीन-चार ठिकाणी ठोकलं. "काही नाही पोरी, घट्ट आहे. पहिल्यांदा सगळ्यांनाच असं वाटतं." तो वाईट माणूस नाही. त्याचे केस याच खाणीत पिकले आहेत आणि त्याने माणसं वाचवलेली मला माहीत आहेत. पण त्याने बोटं टेकवली नव्हती.

ती मागे झाली नाही. आवाज जरा कापत होता, पण म्हणाली, "तुम्ही हात लावून बघा ना, भाऊ. तोवर एसडीएल थांबवा."

ट्रेनीने काम थांबवायला सांगावं असं कुणालाच अपेक्षित नसतं. धोका दिसला तर माणसं बाहेर काढणं ही सरदाराची आणि ओव्हरमनची जबाबदारी, कायद्याने त्यांच्यावर टाकलेली. ट्रेनी कुणीच नसतो. तेवढ्या जागेत सगळे गप्प झाले. बरोबरची मुलं जमिनीकडे बघू लागली.

मी काठीला धरून स्वतः बघितलं. आवाज स्वच्छ होता. बोटांना एका जागी काहीतरी लागलं, दुसऱ्या जागी नाही. छातीठोक सांगावं असं काही नव्हतं. पण शंका आहे म्हटल्यावर तिथून यंत्र जाऊ द्यायचं नसतं. मी ओव्हरमनला बोलावलं, जंक्शनच्या तोंडाशी फेन्सिंग लावायला सांगितलं, एसडीएल थांबलं. मधल्या जागेत आणखी बोल्ट मारले, टेलटेल बसवलं. छताचे थर एकमेकांपासून सुटू लागले तर हे साधं उपकरण ते दाखवतं.

त्या शिफ्टचा कोळसा कमी पडला. वर आल्यावर मॅनेजर एवढंच म्हणाले, "ट्रेनी शिकायला येतात, काम थांबवायला नाही." टेलटेल पुढे कितीतरी दिवस बघितलं, ते हललं नाही. सरदाराच्या दृष्टीने विषय संपला: छत घट्टच होतं. माझ्या दृष्टीने त्यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण तोपर्यंत वाढीव बोल्टनी ते धरून ठेवलं होतं. आधीच्या छताचं काय झालं असतं हे आता कधीच कळणार नाही. खाणीतल्या सुरक्षिततेचं हे असंच आहे. जे झालं नाही त्याचा पुरावा देता येत नाही, आणि न भरलेल्या कोळशाचा आकडा मात्र त्याच संध्याकाळी रिपोर्टात येतो.

मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. "मुलगी आहे, घाबरली" हे वाक्य मी कँटीनमध्ये, लॅम्प रूममध्ये, अगदी आमच्या ट्रेनिंगच्या ऑफिसातही ऐकलं. घाबरलेला माणूस पळतो. तिने दोनदा ठोकलं, आवाज आणि कंप यांतला फरक सांगितला आणि दुसऱ्याला तपासून बघायला लावलं. मी वर्गात शिकवलं त्याच क्रमाने. हेच एखाद्या मुलाने केलं असतं तर "पोरगं हुशार आहे" म्हणाले असते. शिवाय त्या दिवशी तिच्या मागे उभ्या असलेल्या मुलांपैकी कुणाला कंप जाणवला होता की नाही, हे कुणीच विचारलं नाही. मी विचारलं. एक जण म्हणाला, "लागलं होतं सर, पण सरदार घट्ट म्हणाले." तो आज फेसवर कामाला आहे. त्याच्याबद्दल कुणाचीही तक्रार नाही. मला काळजी त्याची वाटते.

आता तिला वरच्या सर्व्हे ऑफिसात बसवायचं घाटतंय. "तिच्याच भल्यासाठी," असं सांगतात. वर बसली तर भुयाराचे दिवस भरणार नाहीत, आणि ते भरले नाहीत तर प्रमाणपत्रावर ओपनकास्टपुरतं असा शिक्का बसेल. नोकरी लागेल, पण भुयारात माणसांची जबाबदारी घेण्याचा हक्क मिळणार नाही. मी तिच्या बाजूने लेखी दिलंय: त्या दिवशी तिने काय केलं, कोणत्या क्रमाने केलं, आणि माझ्याही बोटांना एका जागी कंप लागला होता. ती नोंद तिच्या फाइलीत आहे. मॅनेजरांनी अजून सही केलेली नाही.

परवा ती भेटायला आली. तक्रार करायला नव्हती आली. गॅस टेस्टिंगच्या तयारीचं विचारायला आली होती: सेफ्टी लॅम्पची ज्योत किती बारीक करायची, वायू असला की तिच्यावर येणारी निळी टोपी दिसायला डोळे अंधाराला किती सरावावे लागतात. ते झाल्यावर उठता उठता म्हणाली, "सर, पुढच्या वेळी तुम्ही नसाल आणि सरदार घट्ट म्हणाले, तर मी काय करायचं?"

मी सांगितलं, ओव्हरमनला बोलव, तो येईपर्यंत स्वतः त्या छताखाली जाऊ नकोस, आणि वर आल्यावर वेळ टाकून लिहून दे. तिने वहीत उतरवून घेतलं. मग विचारलं, "आणि ओव्हरमनही घट्ट म्हणाले तर?"