गिरनार: गोरखनाथ ते दत्तपादुका, नामाच्या आधाराने

गुजरातमध्ये जुनागढजवळच्या गिरनार डोंगराची खरी भीती पहिल्या पाच हजार पायऱ्यांत नाही. भवनाथ तळेटीतून मध्यरात्री चढायला लागलं की दोन्ही बाजूंना झाडी असते आणि पुढेमागे ‘जय गिरनारी’ म्हणणारी माणसं भेटत राहतात. साधारण ४,००० पायऱ्यांवर जैन मंदिरं, ५,००० च्या पुढे अंबाजीचं मंदिर. पण लिहावंसं वाटतं ते अंबाजीच्या पुढच्या टप्प्याबद्दल.

तिथे झाडांचा आडोसा संपतो. गोरखनाथ हे गुजरातमधलं सर्वांत उंच शिखर, १,१०० मीटरच्या वर. ते गाठलं की सुमारे दीड हजार पायऱ्या खाली उतरायच्या आणि मग जिथे दत्ताच्या पादुका आहेत त्या दत्तशिखराची उभी चढण चढायची. वारा आडवा अंगावर येतो. फटफटायला लागलं की समोरचा सुळका आणि त्यावर चढत गेलेल्या पायऱ्या एकदम नजरेत भरतात. भलेभले धडधाकट लोक इथे मटकन खाली बसतात. बसलेल्याला कुणीतरी हमखास ऐकवतं, “श्रद्धा असली की भीती वाटत नाही.” हे बोलणं मला फार खुपतं. दत्ताला स्मर्तृगामी म्हणतात, आठवण काढताच धावून येणारा. घाबरलेल्या माणसाइतकी कळकळीने आठवण दुसरं कोण काढणार?

आधी शरीराचं बघावं. घामाने भिजलेल्या सदऱ्यावर हा वारा लागला की हुडहुडी भरते आणि ती थरथर मनाला भीतीच वाटते. म्हणून अंबाजीला कोरडा बनियन घालावा, कान बांधावेत. विजेरी कपाळावर बांधायची असावी. मोबाइलच्या उजेडात एक हात अडकतो, आणि कठड्याला तोच हात हवा असतो.

मग नाम. ‘दिगंबरा दिगंबरा श्रीपाद वल्लभ दिगंबरा’ हा दत्तसंप्रदायातल्या टेंबे स्वामींनी (वासुदेवानंद सरस्वती) दिलेला अठरा अक्षरांचा मंत्र. त्यात पाच शब्द आहेत. एका पायरीला एक शब्द धरला की पाच पायऱ्यांत एक आवर्तन होतं. पाच हा विषम आकडा असल्यामुळे पहिलं ‘दिगंबरा’ एकदा उजव्या पायावर येतं, पुढच्या खेपेला डाव्या, आणि कुठल्याही एकाच गुडघ्यावर आवर्तनाच्या सुरुवातीचा जोर सारखा पडत नाही. हातात माळ घेऊ नये, ती कठड्यात अडकते. डावा हात कठड्यावर ठेवावा आणि उजव्या हाताच्या पेरांवर मोजावं. करमाळेत, म्हणजे चार बोटांच्या बारा पेरांवर जप मोजताना, मधल्या बोटाची दोन पेरं मेरू (माळेतला न मोजायचा मणी) म्हणून सोडतात, म्हणजे दहा आवर्तनं, पन्नास पायऱ्या. पन्नास झाल्या की थांबायचं, श्वास खाली बसू द्यायचा, पुन्हा सुरू. १०८ ची पूर्ण माळ ५४० पायऱ्यांची होते. दत्तशिखर किती दूर आहे हे वर बघून ठरवत बसलात तर पाय उचलत नाहीत. पुढची पन्नास मात्र कुणालाही जमतात.

हे बिघडतं दोन ठिकाणी. धाप लागलेली असताना मोठ्याने म्हणत राहिलं की दम पुरत नाही, गरगरतं. अशा वेळी ओठ मिटून मनातच म्हणावं. आणि भीती वाढली की जप आपोआप भरभर होतो, पाय त्याच्यामागे धावतात आणि पायरी चुकते. तसं व्हायला लागलं की डोंगराकडे पाठ टेकून बसावं, दरीकडे न बघता आपल्या पावलांकडे बघावं, घोटभर पाणी प्यावं आणि एका संथ उच्छ्वासात एकच ‘दिगंबरा’ म्हणावं. दहाएक वेळा असं झालं की गती परत हातात येते. खिशातल्या मोबाइलवर मोठ्या आवाजात मंत्र लावून चालणाऱ्यांना मात्र हात जोडून विनंती आहे, तो बंद ठेवा. त्याची चाल तुमच्या श्वासाची नसते, आणि शेजारी चालणाऱ्याचा जप तुटतो तो वेगळाच.

पादुकांपाशी क्षणभरच मिळतो. गर्दीत पुढे सरकावंच लागतं. तिथे मागण्यांची यादी मनात उघडू नये. जे नाम चढताना चालू होतं तेच पादुकांवर ठेवावं.

खाली कमंडलू कुंडावर धुनी, म्हणजे पवित्र अग्नी, आहे. ती दर सोमवारी प्रकट होते अशी भाविकांची श्रद्धा आहे. तिथला प्रसाद घेतल्याशिवाय परतू नये. पंगतीत तुम्ही कोण, कुठले, हे कुणी विचारत नाही, फक्त “अजून घ्या” म्हणतात. अख्ख्या डोंगरावर मला याहून मायेची जागा दिसली नाही.

परतताना गोरखनाथाचे ते दीड हजार पुन्हा चढायचे असतात, हे बरेच जण विसरतात आणि सगळी ताकद दत्तशिखरावरच संपवतात. २०२० मध्ये सुरू झालेला रोपवे फक्त अंबाजीपर्यंत आहे आणि जोराचा वारा सुटला की बंद ठेवतात. त्यामुळे अंबाजीपासून पायी उतरण्याइतकं बळ राखून ठेवावं. ज्येष्ठांसाठी डोली तळेटीतच ठरवावी; माणसाचं वजन करून भाडं सांगतात. उतरताना काठी एक पायरी पुढे टेकवावी, पाऊल किंचित तिरकं टाकावं आणि मोजणी तीच ठेवावी, पाच शब्द, पाच पायऱ्या.