थोरल्या सरांचा बायबलचा तास

शतकोत्तर रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असे समितीचे पत्र आले आणि कोणावर लिहायचे ते त्याच क्षणी ठरले. दगडी इमारत, घंटेजवळची चिंच, आंतरशालेय खो-खोतली ढाल यांवर माझे सोबती लिहितीलच. मला थोरल्या सरांवर लिहायचे आहे, आणि त्यांच्या एका तासावर. मी आज कोर्टात उभा राहून चार वाक्ये धडपणे बोलतो, ती त्यांच्यामुळे.

नव्या विद्यार्थ्यांसाठी एवढे सांगतो की आमच्या वेळी आठवड्यातून दोनदा, मधल्या सुट्टीनंतर लगेच, बायबलचा तास असे. वर्गात निम्म्याहून अधिक मुले वारकऱ्यांच्या घरची, काही मुसलमान, थोडी ख्रिस्ती. दर जूनमध्ये सर एक सायक्लोस्टाइल केलेला कागद वाटत. 'माझ्या पाल्याने धार्मिक शिक्षणाच्या तासाला बसण्यास माझी संमती आहे / नाही' असा मजकूर, खाली पालकाची सही. ज्याचा कागद 'नाही' म्हणून यायचा, तो मुलगा त्या तासाला वाचनालयात बसायचा. त्याला कोणी काही बोललेले सरांना खपत नसे. माझ्या वडिलांना लिहिता येत नव्हते. सर सायकलवरून आमच्या वस्तीवर आले, कागद शब्दन् शब्द वाचून दाखवला आणि मगच अंगठा घेतला. 'नाही म्हणालात तरी पोराचं काही बिघडणार नाही,' हे त्यांनी अंगठ्याच्या आधी सांगितले होते, नंतर नव्हे. राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमाचा तिसरा भाग नेमके हेच सांगतो: सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत पालकाच्या संमतीवाचून मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. ते कलम मी पुढे लॉ कॉलेजात वाचले. पाळलेले मात्र शाळेतच पाहिले होते.

मी नववीत असताना, डिसेंबर १९७८ मध्ये, खासदार ओ. पी. त्यागींनी लोकसभेत धर्मस्वातंत्र्याचे विधेयक मांडले. फसवून किंवा आमिष दाखवून होणाऱ्या धर्मांतरांना आळा घालावा असा त्याचा हेतू सांगितला जाई. ख्रिस्ती समाजाला त्यात स्वतःवरचा संशय दिसे. मोर्चे निघाले, मदर तेरेसांनी मोरारजी देसाईंना पत्र लिहिले. गावात चावडीवरही तीच चर्चा. अशात एक पालक तावातावाने ऑफिसात आले. मिशनच्या शाळेत आमच्या पोरांना बायबल कशासाठी, तास बंद करा, अशी त्यांची मागणी. हेडसर गडबडले. थोरले सर म्हणाले, 'प्रश्न रास्त आहे. मुलांनाच त्यावर बोलू द्या.'

पहिल्या शनिवारी विषय होता, 'शाळेत बायबलचा तास असावा की नसावा'. त्या दिवशीची बरीच भाषणे मला आठवत नाहीत. ठराविकच होती. नीतीसाठी असावा, धर्मांतर होईल म्हणून नसावा, बायबल असेल तर गीता आणि कुराणही असावे. आठवते ते शेवटच्या बाकावरच्या एका मुलीचे बोलणे. एरवी ती कधी तोंड उघडत नसे. ती म्हणाली, 'इतिहासाच्या, विज्ञानाच्या पुस्तकावर आम्ही प्रश्न विचारतो. हे पुस्तक देवाचं आहे म्हटलं तर त्यावर प्रश्न विचारायचे की नाही? विचारायचे नसतील तर ते चर्चमध्ये असू द्या, वर्गात नको.'

सरांनी फळा पुसला आणि पुढच्या शनिवारचा विषय लिहिला: 'बायबल हा ग्रंथ ईश्वरप्रणीत आहे'.

मग चिठ्ठ्या. सरांची रीत अशी की ज्याने त्याने आपल्या मताच्या उलट बाजूने बोलायचे. त्यामुळे बायबल देवाचे आहे हे सिद्ध करायचे काम माझ्यावर, माळकऱ्याच्या नातवावर आले, आणि ते खोडून काढायचे काम माझ्याच बाकावरच्या, पाळकसाहेबांच्या मुलावर. तो आठवडाभर वडिलांशी बोलला नव्हता, असे त्याने मला पुढे सांगितले.

त्याचे भाषण अजून कानात आहे. बायबलची पहिली पाच पुस्तके मोशे या संदेष्ट्याने लिहिली म्हणतात. मग त्यांतल्या शेवटच्या, 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात मोशेचा मृत्यू आहे, त्याला पुरल्याचे आहे, त्याची कबर आजवर कोणाला ठाऊक नाही असेही आहे. हे मोशेने कसे लिहिले? करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल एका ठिकाणी स्वतःच म्हणतो की हे प्रभू नव्हे, मी सांगतो. मग ते वाक्य कोणाचे धरायचे? प्रोटेस्टंटांच्या बायबलात पुस्तके ६६, कॅथलिकांच्या ७३. देवाने किती लिहिली? मोशेच्या मृत्यूचे ऐकून वर्ग अवाक झाला. पाळकसाहेबांचा मुलगा हे म्हणतोय, यावर कोणाचा विश्वास बसेना. शेवटच्या रांगेत ते तक्रार घेऊन आलेले पालकही बसले होते. सरांनीच त्यांना बोलावले होते.

मला उत्तर आजोबांनी दिले होते. संध्याकाळी हरिपाठानंतर मी त्यांना विचारले की माणसाने लिहिलेले देवाचे कसे असेल. त्यांनी बायबल पाहिलेही नव्हते. ते म्हणाले, 'वेद अपौरुषेय म्हणतात, ते पंडितांचं पंडित जाणोत. आपल्या तुकोबांनी अभंग रचले ते देहूच्या मराठीत, वाण्याच्या घरात बसून. तरी ते म्हणतातच ना, की मी माझ्या बळावर बोलत नाही, बोलविता धनी वेगळा.' तेवढ्यावर मी माझे सगळे भाषण उभे केले. लिहिणारा हात माणसाचा, त्याची भाषा त्याची, त्याची चूकही त्याची. बोलविणारा दुसरा असू शकतो. मोशेचा शेवट दुसऱ्या कोणी लिहिला म्हणून बोलविणारा बदलत नाही, असे मी ठोकून दिले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेबांच्या मुलाने सर्वांत आधी.

सर निकाल देतील म्हणून आम्ही वाट पाहत होतो. त्यांनी आम्हा दोघांना लूकच्या शुभवर्तमानाची पहिली चार वचने मोठ्याने वाचायला लावली. लूक तिथे सांगतो की या गोष्टी लिहून काढण्याचा प्रयत्न पुष्कळांनी केला, म्हणून मीही सगळ्याचा मुळापासून शोध करून क्रमाने लिहितो आहे. 'आकाशवाणी झाली असं लूक म्हणत नाही,' सर म्हणाले, 'चौकशी केली म्हणतो.' मग त्यांनी पौलाचे तीमथ्याला लिहिलेले दुसरे पत्र काढले. शास्त्रलेख परमेश्वरप्रेरित आहे हे प्रसिद्ध वचन त्याच्या तिसऱ्या अध्यायात आहे. लगेच चौथ्या अध्यायात, त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा येताना घेऊन ये, आणि पुस्तकेही, असे आहे. 'ज्या पत्रात देवाचा श्वास आहे त्याच पत्रात थंडीत कुडकुडणारा म्हातारा आहे. दोन्ही नीट वाचा. एक झाकून दुसरं वाचू नका.'

आणि मग ते म्हणाले, 'मी हे देवाचं वचन मानतो. रोज पहाटे वाचतो. तुम्ही मानावं म्हणून मी तास घेत नाही. माझ्या मानण्याला मार्क नाहीत, तुमच्या न मानण्याला नापास नाही.'

त्याच दिवशी त्यांनी विष्णुबावा ब्रह्मचारींची हकिकत सांगितली. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा हिंदू धर्माच्या बाजूने मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत, लोक ऐकायला गर्दी करत. त्या वादांचा वृत्तांत पुढे इंग्रजीत छापून काढला तो जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने, म्हणजे समोरच्याच पक्षाने. 'प्रतिपक्षाचं म्हणणं छापायची हिंमत पाहिजे,' हे सरांचे वाक्य मी माझ्या प्रत्येक ज्युनिअरला सांगतो.

त्या पालकांचे मन वळले नाही. पुढच्या जूनमध्ये त्यांच्या मुलाचा कागद 'नाही' म्हणूनच आला. सर त्याला वाचनालयात स्वतः पुस्तके काढून देत. तो आज तालुक्यातला नावाजलेला डॉक्टर आहे आणि सर आजारी पडले तेव्हा रात्रंदिवस त्यांच्या उशाशी होता.

१९८० साली मी दहावी झालो. पुढे वकिली, जिल्हा वकील संघाचे अध्यक्षपद, मुलगी अमेरिकेत. ती पेनसिल्व्हेनियात राहते. तिच्याकडे गेलो असताना मी मुद्दाम तिथल्या शेम्प खटल्याचे कागद वाचून काढले. त्या राज्याच्या शाळांत रोज सकाळी बायबलची दहा वचने कोणतीही टिप्पणी न करता वाचण्याचा कायदा होता. १९५६ मध्ये एलरी शेम्प नावाच्या विद्यार्थ्याने त्या वेळी कुराण उघडून वाचत बसून निषेध केला. १९६३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सरकारी शाळांतले असे सक्तीचे वाचन घटनाबाह्य ठरवले, पण वाङ्मय आणि इतिहास म्हणून बायबलचा तटस्थ अभ्यास करायला हरकत नाही असेही निकालात नमूद केले. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात धार्मिक शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत फरक केला. 'टिप्पणी न करता' हे शब्द वाचताना मला थोरले सर दिसत होते. त्यांचा सगळा तास म्हणजे टिप्पणी होती, आणि तीही आमची.

तो तास आता वेळापत्रकात नाही. कधी आणि का गेला, याची चौकशी मी केलेली नाही. काळ कठीण आहे, शाळा चालवणाऱ्यांच्या अडचणी मी समजू शकतो. पण वादसभाही गेली, याचे वाईट वाटते. वक्तृत्व स्पर्धेला मी पाहुणा म्हणून आलो तेव्हा मुले छान बोलली, हातवारेही सुरेख, परंतु भाषणे पाठ केलेली होती आणि कोणी कोणाला प्रश्न विचारला नाही. नातवंडांच्या वयाची ही मुले हुशार आहेत. त्यांना उलट बाजूची चिठ्ठी मिळत नाही, एवढेच.

म्हणून थोरल्या सरांच्या नावाने नववीच्या वर्गासाठी वादसभेचा फिरता करंडक ठेवावा, अशी विनंती मी समितीला केली आहे आणि त्यासाठीची रक्कम जमा केली आहे. अटी दोनच. बाजू चिठ्ठीने ठरावी, आणि ती बोलणाऱ्याच्या मताच्या उलट असावी. पहिल्या वर्षीचा विषय त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीचा घ्यावा: धर्मग्रंथावर वर्गात प्रश्न विचारता यावेत की नाही. परीक्षक म्हणून पाळकसाहेबांच्या मुलाने होकार कळवला आहे. तो पुण्यात प्राध्यापक होता, आता निवृत्त आहे आणि जानेवारीत कोणत्याही शनिवारी येऊ शकतो.