दोन कार्डांवर एकच ओळ

माझे मामा कवठेमहांकाळ तालुक्यातले. कुष्ठरोगाची एमबी प्रकारची (जंतू जास्त असलेल्या रुग्णांसाठीची) औषधे चालू असतानाच त्यांना खोकला आणि संध्याकाळचा ताप येऊ लागला. बेडक्याची तपासणी, क्षयाचे निदान, निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवरची नोंद हे सारे सांगलीत सुरळीत पार पडले. गाडी अडली ती कुष्ठरोगाच्या पाकिटातील रिफाम्पिसिनवर.

त्या २८ दिवसांच्या पाकिटात पहिल्या दिवशी कर्मचाऱ्यासमोर घ्यायचे ६०० मिलिग्रॅम रिफाम्पिसिन असते, आणि क्षयाच्या उपचारात तेच औषध रोज पोटात जाते. म्हणून क्षयाचा उपचार चालू असेपर्यंत महिन्याचा तो डोस वगळायचा, डॅप्सोन व क्लोफाझिमिन चालू ठेवायचे, आणि क्षयाचा कोर्स संपल्यावर कुष्ठरोगाचे महिने उरले असतील तर मासिक डोस पुन्हा सुरू करायचा. हे तोंडी सगळेच सांगत होते. लिहून द्यायला मात्र कोणी तयार नव्हते. क्षयाच्या विभागात म्हणत, "पाकीट आमचे नाही." कुष्ठरोगाच्या विभागात म्हणत, "पाकिटातले औषध आम्ही कमी करत नाही, तिकडून लेखी आणा." पायाला पट्टी बांधलेल्या, बोटे बधिर झालेल्या माणसाला या बाकावरून त्या बाकावर नेताना माझा जो संताप झाला, तो अजून शमलेला नाही. अखेर एका वैद्यकीय अधिकारी मॅडमनी दोन्ही कार्डे शेजारी ठेवून दोन्हींवर एकच ओळ लिहिली आणि सही केली. मला इतके हायसे वाटले की, त्यांचे आभार मानतानाही शब्द फुटेना. तुम्ही पहिल्याच भेटीत ही ओळ मागा आणि ती मिळाल्याशिवाय उठू नका.

निक्षय पोषण योजनेचे दरमहा १००० रुपये थेट बँक खात्यात येतात, त्यासाठी पासबुक सोबत ठेवावे. लघवी लालसर होते ती रिफाम्पिसिनमुळे आणि त्वचा काळवंडते ती क्लोफाझिमिनमुळे. घाबरून गोळ्या बंद करू नयेत.

याहून महत्त्वाची गोष्ट आधीच सांगायला हवी होती. कुष्ठरोगाची औषधे सुरू होण्यापूर्वीच खोकल्याची तपासणी करून घ्यावी, कारण क्षय लपून राहिला आणि महिन्यातून एकदाच रिफाम्पिसिन मिळत राहिले, तर क्षयाचे जंतू त्या औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. कुष्ठरोगाच्या रिॲक्शनसाठी (रोगातच अचानक उद्भवणारी सूज व वेदना) स्टेरॉइड सुचवले गेले, तरी क्षयाची शंका डॉक्टरांना आवर्जून सांगावी. मामी आणि नातवंडे यांची दोन्ही रोगांसाठीची तपासणी आम्ही त्याच आठवड्यात करून घेतली.