चपला बाहेर काढताना

कोणाच्याही घरी गेले की दाराबाहेर पादत्राणे काढायची, ही आपल्याकडची रीत. मला एवढ्याच गोष्टीला चार मिनिटे लागतात आणि नंतर घरात शिरते ती निम्म्या बळाची मी असते. माझ्या दोन्ही पायांना पोटरीपासून तळव्यापर्यंत प्लास्टिकचे स्प्लिंट असतात. ते बुटातच बसत असल्यामुळे बुटांबरोबर तेही उतरवावे लागतात. मग पाऊल घोट्यातून खाली लोंबते, ते फरशीला अडकू नये म्हणून गुडघा वाजवीपेक्षा उंच उचलावा लागतो आणि पाऊल थपकन आपटते. यजमान बिचारे "अगं, राहू दे, तशीच ये" म्हणतात. पण समोर देव्हारा दिसत असताना बुटांसह आत जाणे मला जमत नाही. हा हट्ट माझा आहे, त्याचे खापर आजारावर फोडणार नाही.

आजाराचे नाव शार्को-मारी-टूथ. त्यातला 'टूथ' ऐकून पुष्कळांना हे दातांचे दुखणे वाटते, पण ते एका इंग्रज डॉक्टरांचे आडनाव आहे. १८८६ साली त्यांनी इंग्लंडमध्ये आणि शार्को व मारी यांनी पॅरिसमध्ये या विकाराचे वर्णन केले. माझ्या प्रकारात सतराव्या गुणसूत्रावरच्या पीएमपी२२ या जनुकाच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, म्हणजे इथे उणीव काहीच नाही, जास्तीचेच बाधते. त्यामुळे नसांवरचे मायलिनचे वेष्टन धड राहत नाही आणि मेंदूचा निरोप रेंगाळत पोहोचतो. हाताला विजेचे बारीक झटके देऊन मोजला तेव्हा माझा वेग सेकंदाला २१ मीटर भरला. निरोगी हातात तो साधारण ५० च्या पुढे असतो. ताशी पंचाहत्तर किलोमीटर काही वाईट नाही, असे मी तेव्हा म्हटले होते आणि डॉक्टरांनी हसू आवरले होते. आजार बरा करणारे औषध अजून नाही. व्यायाम, स्प्लिंट आणि जपून राहणे, एवढेच हाती आहे.

सर्वांत लांब नसा पावलांकडे जातात, म्हणून झीज तिथून सुरू होते आणि हातांची पाळी मागाहून येते. माझ्या बाबतीत ती रांगोळीने कळवली. रांगोळी सोडताना अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून पीठ एका धारेने सुटावे लागते. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत ती धार तुटू लागली, रेघेऐवजी ढीग पडू लागले आणि मी थंडीला दोष देत राहिले. पुढे स्वयंपाकातली चिमूटही गेली, म्हणून मिठाच्या डब्यात आता छोटा चमचा असतो. ब्लाउजचे हूक हे लावून देतात, आणि घाई असली की एक घर चुकवतात.

न्हाणीघरातली गोष्ट मात्र कोणाला सांगून पटत नाही. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मी पडते. पाय कुठे आहेत हे पाय स्वतः सांगत नाहीत, ते मला डोळ्यांनी पाहावे लागते. म्हणून डोळे मिटण्याआधी मी नळाशेजारचा दांडा धरते, आणि रात्री वीज गेली की आहे तिथेच खाली बसते. बादलीतले पाणी कोपराने तपासते, कारण पायांच्या भरवशावर एकदा चांगलीच पोळले आहे.

बाबांची चाल अशीच होती. लहानपणी ताप आला त्यात पाय अधू झाले, असे आजी सांगे, आणि तिच्या धाकट्या दिराची चाल तशीच असूनही त्या तापावर कोणी शंका घेतली नाही. माझे निदान चौतिसाव्या वर्षी झाले तेव्हा बाबा अहवाल बराच वेळ हातात धरून बसले, मग "म्हणजे हे माझ्याकडून" एवढेच म्हणाले. मी घाईघाईने विषय बदलला. बदलायला नको होता.

प्रत्येक अपत्याला हा आजार मिळण्याची शक्यता निम्मी. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, तिला आज काही त्रास नाही, आणि रक्ताची तपासणी करायची की नाही हे तिने अठरानंतर स्वतः ठरवावे, असे आम्ही ठरवले आहे. ठरवणे सोपे होते. बाबांच्या तळव्याची कमान इतकी उंच होती की अंघोळीनंतर शहाबादी फरशीवर त्यांची टाच वेगळी आणि चवडा वेगळा उमटत असे, मध्ये कोरडी फरशी. मुलगी अंघोळ करून बाहेर आली की माझी नजर त्या ओल्या ठशांकडे जाई. हे तिच्या केव्हा लक्षात आले कोण जाणे. गेल्या काही महिन्यांपासून ती पाय कोरडे पुसूनच बाहेर येते.