न पटणाऱ्यांचे एकमत

इंटरनेटवरील मजकूर खरा की खोटा हे कोणी ठरवावे, या प्रश्नाचे मला आजवर सर्वांत विचारपूर्वक वाटलेले उत्तर ‘कम्युनिटी नोट्स’ या पद्धतीत आहे. ट्विटरने (आताच्या ‘एक्स’ने) जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेत ‘बर्डवॉच’ या नावाने तिची चाचणी सुरू केली. भारतातील वापरकर्त्यांना तिच्यात सहभागी होण्याची मुभा एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर मिळाली. दिशाभूल करणाऱ्या पोस्टवर एखादा सहभागी टीप लिहितो आणि ती उपयुक्त आहे की नाही याचा कौल इतर सहभागी देतात, एवढेच ऐकले तर हा निव्वळ बहुमताचा कारभार वाटेल. तो तसा नाही. कोणी पूर्वी कोणत्या टिपांना कसा कौल दिला यावरून अल्गोरिदम प्रत्येकाचा कल ओळखतो, आणि एरवी ज्यांची मते जुळत नाहीत अशांनी एकाच टिपेला उपयुक्त म्हटले तरच ती सर्वांना दिसते. निव्वळ कलामुळे मिळालेला पाठिंबा बाजूला काढल्यावर टिपेच्या पदरात जे गुण उरतात, ते सर्वसाधारणपणे ०.४० पर्यंत पोहोचावे लागतात. त्यामुळे एकाच बाजूचे हजार जण धावून आले, तरी केवळ त्यांच्या बळावर टीप पुढे सरकत नाही. शिवाय हे गणित आणि त्यामागची आकडेवारी खुली असल्याने पडताळणी करणाऱ्यांचीही पडताळणी करता येते, हे मला फार मोलाचे वाटते.

मात्र असे एकमत होण्यास वेळ लागतो, आणि बहुसंख्य टिपा कधीच प्रसिद्ध होत नाहीत. अफवा तेवढा वेळ देत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. अशा अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या, आणि तेथील संदेश एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून इतर कोणालाही वाचता न येणारे असल्याने त्यांच्याखाली त्रयस्थाची टीप पोहोचूच शकत नाही. शंका घ्यायची ती गटातल्याच कोणीतरी, आणि गट तर बहुधा नात्यागोत्यातला.

मराठी पोस्टवरील टीप पुढे जायची, तर मराठी वाचणारे आणि तरीही एकमेकांशी न पटणारे लोक पुरेशा संख्येने लागतात. म्हणून मीही नाव नोंदवले आहे. नव्या सहभागीला आरंभी केवळ इतरांच्या टिपांचे मूल्यमापन करता येते. ते करताना माझ्या मताविरुद्ध जाणारी टीप मी आधी उघडतो आणि तिच्यासोबत दिलेला पुरावा शेवटपर्यंत वाचतो.